एकोणीस खुंट्या

बत्तीस वर्षं मी रत्नागिरीत मोजणीच्या कचेरीत आवक-जावक सांभाळली. आता घरी बसलेय. भेटायला येणारे विचारतात, "बाई, एवढ्या वर्षांत काय काय पाहिलं असेल तुम्ही!" काय पाहणार? टेबल पाहिलं. शिक्के पाहिले. बांधावरून भांडणारी माणसं पाहिली, मग त्यांची मुलं त्याच बांधावरून भांडताना पाहिली. दमायला झालं. त्या सगळ्यांतून लक्षात राहिलेलं माणूस म्हणाल तर एकच, हमीद होडेकर. आणि त्यांची आठवण काढायला बसले की आधी थकवाच येतो.

हमीदभाई आमच्याकडे भूमापक होते. गावोगाव जाऊन जमिनी मोजायच्या, हद्द दाखवायची, कोपऱ्या-कोपऱ्यावर खुंट्या मारून द्यायच्या, हे त्यांचं काम. उंच, वाळका बांधा, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. अर्धा जन्म खाडीकाठच्या खाजणातून चालण्यात गेल्यावर पँट खाली सोडायची सवयच राहत नाही. चालताना त्यांचे ओठ हलत. नवीन माणसाला वाटे, चाचा जप करतायत. ते पावलं मोजत. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, आणि चढावर असो की वाळूत, ते कमी-जास्त होत नाही असा त्यांचा दावा. कचेरीच्या जिन्यापासून एसटी स्टँडपर्यंत किती, जामा मशिदीपासून मासळीबाजारापर्यंत किती, सगळं पाठ. एकदा मला म्हणाले, "पाटकरबाई, मांडवीचं तुमचं घर समुद्राकडे सरकलंय. मागच्या खेपेला दोनशे चौदा पावलं होती, आता दोनशे सहा." घर कशाला सरकेल? समुद्र आत आला होता. पण ते समुद्राला दोष द्यायला तयार नव्हते.

"आधी खुंटी, मग भांडण," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असत आणि हमीदभाई मध्ये उभे राहून शांतपणे टेप उलगडत असत. कुणी काही सांगायला आलं की बोट वर करायचं, आधी खुंटी. त्यांचं म्हणणं असं, की जमिनीत खुंटी बसली की निम्मी माणसं भांडायचं विसरतात, आणि उरलेली कोर्टात जातात, तिथे आपलं काम नसतं. पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. खांद्याला थर्मास लटकवलेला, त्यातला चहा झाडाखाली बसून एकट्याने प्यायचा. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. गर्व कसला? जाळीच्या टोपीला चार ठिकाणी रफू केलेला माणूस.

माझे सोमवार असतात हे त्यांना माझ्या घरच्यांपेक्षा जास्त लक्षात. ईद सोमवारी आली की माझा शिरखुर्म्याचा डबा मंगळवारी यायचा. "फातिमाने वेगळा काढून ठेवलाय, शिळा नाही," एवढं सांगून डबा टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. आभार मानायला गेलं की चिडायचे.

त्यांच्या मामाची गोष्ट कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती. मामाची आंब्याची बाग, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद. भाचा मोजणीला येणार म्हणून मामा निर्धास्त. हमीदभाईंनी वरिष्ठांकडे लेखी मागितलं की नातं आहे, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस नव्हता. मग गेले, मोजलं, आणि खुंटी मारली ती मामाच्या कुंपणाच्या चार फूट आत. त्या चार फुटांत मामाचं सगळ्यात चांगलं हापूसचं झाड गेलं. मामा अकरा वर्षं बोलला नाही. अकरा वर्षांनी आजारी पडला तेव्हा त्याने यांना बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "हमीद, खरंच चार फूट होते काय रे?" हमीदभाई म्हणाले, "चार फूट दोन इंच होते मामू, दोन इंच मी सोडले." मामा हसला म्हणे. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण हमीदभाई ही गोष्ट सांगताना डोळे पुसत.

आता पाखरांकडे येते.

एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. कुठली खाडी ते लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. वादळानंतर वाळू इकडची तिकडे झाली आणि लगतच्या जमिनीची पुन्हा मोजणी निघाली. हमीदभाई तिथे चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्मास उघडून बसले असताना समोरच्या रिकाम्या वाळूतून पाखरं उठली. पन्नास-साठ तरी. आणि उठली ती पाण्याकडे गेलीच नाहीत, डोक्यावरच्या हवेत भिरभिरत चिलटं खायला लागली. वळतायत, खाली येतायत, तोंड उघडून पुन्हा वर. हमीदभाईंना वाटलं, पाकोळ्या आहेत. पण पाकोळी जमिनीवर बसते कधी? आणि ही तर पोट भरल्यावर वाळूत उतरली, पायांनी तुरुतुरु धावली आणि दिसेनाशी झाली.

किनाऱ्यावर मासळी सुकवणारी जैनबखाला होती, तिला त्यांनी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "पाखरा हायत, दुसरा काय?" तिच्या दृष्टीने विषय संपला. ज्याला खाता येत नाही आणि जे मासळी पळवत नाही त्याला कोण नाव ठेवत बसतो?

हमीदभाईंना मात्र नाव नसलेली वस्तू सहन होत नसे. मोजणी संपवून परत आल्यावर वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं, जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पाणभिंगरी. छोटी पाणभिंगरी." जात टिटवीसारखी किनाऱ्यावर चालणाऱ्यांची, पण पोट भरायचं भिंगरीसारखं हवेतल्या किड्यांवर. "अगदी आपल्यासारखी, बाई. घर कोकणच्या वाळूत आणि जेवण भलतीकडे. कुणाचं मुंबईत, कुणाचं कुवेतला." त्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला होते. मी हसले. ते हसले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी वाळूचा दांडा. फातिमाभाभी मला म्हणायच्या, "माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात एवढे पहाटे उठले नाहीत, जेवढे या पाखरांसाठी उठतात." पण डबा मात्र स्वतः करून द्यायच्या, घावन आणि सुक्या जवळ्याची चटणी.

एका रविवारी मला घेऊन गेले. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. वाळूतून बरंच चालवलं आणि एका ठिकाणी हात आडवा धरला. "इथून पुढे नको. मोजा." काय मोजू? समोर वाळू. शिंपले, वाळकी शेवाळं, एक तुटकी चप्पल. मी म्हटलं, शून्य. ते म्हणाले, "बेचाळीस." मला राग आला, म्हातारीची थट्टा करतायत की काय. तेवढ्यात वाळूचा एक तुकडा दोन पायांवर उभा राहिला. मग शेजारचा. बुलबुलाएवढी पाखरं, ओल्या वाळूच्या रंगाची, आणि अंडीही वाळूच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची, उघड्यावर पडलेली. काडी नाही, गवत नाही, घरटं म्हणजे वाळूतला एक खळगा.

ऊन चढलं तशी एक पाखरीण उठून पाण्याशी गेली, पोट भिजवून परत आली आणि अंड्यांवर बसली. "बघा," हमीदभाई कुजबुजले. "कोंबडी अंडी उबवते, ही निववते. उन्हात अंडी उकडून जातील ना." पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली. मला एकदम माझी आई आठवली, तापात कपाळावर घड्या बदलणारी. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला रडू आलं, आणि कशाचं ते सांगता येईना.

हमीदभाई निवृत्त झाले आणि मुलांनी कुवेतला बोलावलं. दोन महिने जाऊन आले. पुन्हा बोलावलं तर म्हणाले, फाल्गुन-चैत्रात जमणार नाही. त्या दिवसांत पाणभिंगऱ्यांची अंडी असतात. मुलांनी कपाळाला हात लावला.

अशातच एका वर्षी किनाऱ्यावर कसलासा महोत्सव ठरला. पतंग, वाळूची शिल्पं, गाणी, खाण्याच्या टपऱ्या. मला त्याचं काही नाही, लोकांनी मजा करावी. पण गाड्या लावायला जागा हवी, आणि सपाट, मोकळी, कुणाच्या मालकीची नसलेली जागा म्हणून बोट ठेवलं गेलं ते नेमकं त्या वाळूच्या दांड्यावर. चैत्रात. ऐन अंड्यांच्या दिवसांत.

हमीदभाई अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. सरकारी किनाऱ्यावर काही करायचं म्हटलं की कागद आमच्याकडूनही फिरून जातो, म्हणून. अर्ज मी वाचला. सुवाच्य अक्षर, दोन पानं, त्या वाळूत पक्षी अंडी घालतात, गाड्या दुसरीकडे लावाव्यात. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणाले, "हमीदभाई, नुसत्या अर्जावर काय होणार? पुरावा जोडा. नकाशा जोडा." हे माझंच वाक्य. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

ज्यांच्या हातात निर्णय होता ते साहेब खरंच भले होते, हे सांगायला हवं. कुणीतरी वाईट निघालं असतं तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्यांनी हमीदभाईंना बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "होडेकर, मला जागेवर घरटी दाखवा. सोमवारी मी स्वतः येतो. असतील तर गाड्या पलीकडे लावू, माझा शब्द."

हमीदभाई खाली आले ते पंचविशीतले होऊन. माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.

मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. बांबू चिरून हातभर लांबीच्या खुंट्या तयार केल्या. टोकं पांढऱ्या रंगात बुडवली, लांबून साहेबांना दिसायला पाहिजेत म्हणून. त्यावर लाल आकडे घातले. आणि दोन दिवस पहाटे, गारवा असताना, अंडी तापणार नाहीत एवढ्या वेळात, एकेका घरट्यापासून दोन फुटांवर एकेक खुंटी ठोकली. एक ते एकोणीस. गुरुवारी नकाशा माझ्याकडे आणून दिला. असा नकाशा मी कचेरीत पाहिला नव्हता. उत्तरेचा बाण, प्रमाण, भरतीची रेषा, आणि निळ्या शाईचे एकोणीस ठिपके, प्रत्येकाशेजारी अंड्यांचा आकडा. खाली सही, हमीद होडेकर, भूमापक, कंसात सेवानिवृत्त. मी शिक्का मारला. मारताना मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी जैनबखालाने त्यांना बाजारात गाठलं. "काय ओ चाचा, कावल्यांना बसायला काठ्या दिल्यात काय तुमी?"

हमीदभाई पिशवी तिथेच टाकून धावले. पुढे काय पाहिलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, कचेरीच्या जिन्यात उभं राहून, भिंतीकडे बघत. उघड्या वाळूत जिथे बसायला काडी नव्हती, तिथे आता एकोणीस बैठकी होत्या. कावळा खुंटीवर बसायचा, खाली बघायचा, उतरायचा. मग पुढच्या खुंटीवर. "एक नंबरवरून दोनवर, दोनवरून तीनवर," हमीदभाई म्हणाले. "माझा क्रम सोडला नाही, बाई." इतकी वर्षं ती अंडी फक्त एका गोष्टीमुळे वाचत होती, ती दिसत नव्हती म्हणून. आणि यांनी त्यांना नंबर दिले.

आपल्याकडे म्हण आहे, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण ती हसण्यावारी नेण्याची म्हण आहे. मी नुसती त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी साहेब शब्दाप्रमाणे आले. सोबत दोन शिपाई आणि मी, नकाशाची फाईल घेऊन. वाळूत एकोणीस खुंट्या आणि एकोणीस रिकामे खळगे. एकदोन ठिकाणी कवचाचे तुकडे. पाखरं वर हवेत ओरडत फिरत होती. साहेबांनी नकाशा पाहिला, वाळू पाहिली. "होडेकर, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मी कागदावर काय लिहू? एकही घरटं नाही?"

"नाही, साहेब," हमीदभाई म्हणाले.

"एकही?"

"नाही."

साहेब थोडा वेळ थांबले, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. मग त्यांनी मान हलवली आणि गाडीकडे गेले. हमीदभाई वाकून एकेक खुंटी उपटायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या बाई, माझ्या आहेत." महोत्सव झाला. गाड्या त्या वाळूवर लागल्या. लोक म्हणतात, छान झाला.

आठवड्याने ते माझ्याकडे आले. नकाशा परत द्या म्हणाले. तो एक कोरा कागद सोडला तर एवढंच मागितलं त्या माणसाने माझ्याकडे, उभ्या आयुष्यात. आणि मी काय सांगितलं? "आवक झालेला कागद परत देता येत नाही, हमीदभाई. तुम्हाला नियम ठाऊक आहे." ते म्हणाले, "ठाऊक आहे," आणि गेले. तो कागद काढून त्यांच्या हातात ठेवला असता तर आभाळ कोसळलं नसतं. कुणी विचारलंही नसतं. पण सवय झाली की माणूस नियमामागे लपतो, आणि मला ते फार उशिरा कळलं.

त्यानंतर ईदचा डबा येत राहिला, पण शेजारच्या मुलीच्या हातून. ते स्वतः आले नाहीत.

दोन वर्षांनी एक मुलगी कचेरीत आली. दापोलीकडची, पक्ष्यांवर काहीतरी अभ्यास करणारी, पायात बूट, पाठीवर सॅक, अतिशय गोड बोलणारी. तिने रीतसर अर्ज करून त्या नकाशाची झेरॉक्स मिळवली होती. असा बारकाईचा नकाशा तिने कुठे पाहिला नव्हता. ज्यांनी काढला त्यांना भेटायचंय म्हणाली. मीच तिला होडेकरांच्या घरी घेऊन गेले. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. माझी बुद्धी ही अशी.

फातिमाभाभींनी कोकमचं सरबत दिलं. हमीदभाईंनी झेरॉक्स हातात घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"उत्तरेचा बाण बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकी नकाशा चुकीचा आहे."

मुलगी गोंधळली. "पण सर, खाली तुमचीच सही आहे ना?"

"म्हणूनच सांगतो. मी काढलाय आणि तो चुकीचा आहे. त्या जागी काही नाही. वय झालं होतं, नजर गेली होती, टिटवीची दोन अंडी पाहिली असतील आणि एकोणीस लिहिली. तुमचा वेळ नका घालवू, बेटा."

मामाचं झाड चार फुटांसाठी देऊन टाकणारा हा माणूस. मुलीने वही मिटली. चेहरा पडला होता तिचा, पण तिने त्यांना वाकून नमस्कार केला. ती रिक्षात बसल्यावर मी परत आत गेले. मला संताप आला होता.

"खोटं बोललात, हमीदभाई."

"हो."

"आयुष्यात कधी बोलला नाहीत, आणि त्या लेकराशी?"

"पहिल्यांदा नाही, बाई. दुसऱ्यांदा." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पहिल्यांदा त्या सोमवारी साहेबांशी बोललो. घरटी एकोणीस नव्हती. एकवीस होती."

मग त्यांनी सांगितलं. दांड्याच्या अगदी टोकाला, मध्ये पाण्याचा ओहोळ होता त्याच्या पलीकडे, आणखी दोन घरटी होती. तिथपर्यंत खुंट्या पुरल्या नाहीत. बांबू संपला. उद्या करू म्हणून ठेवलं, आणि ती दोन राहिली. नकाशावर नाहीत, खुंटी नाही, म्हणून कावळा तिकडे गेला नाही. साहेबांनी "एकही नाही?" विचारलं तेव्हा हमीदभाईंना समोरच्या टोकाला बसलेली ती दोन पाखरं दिसत होती. दाखवली असती तर कदाचित गाड्या पलीकडे गेल्या असत्या. साहेबांचा शब्द होता. पण मग तिथे शिपाई गेले असते, फोटो काढले गेले असते, पेपरात आलं असतं, माणसं बघायला आली असती.

"पाहणी म्हणजे काय ते मला माहीत आहे, बाई. मीच तर आयुष्यभर केली," ते म्हणाले. "दोन घरटी वाचवायची तर बाकी सगळी वाळू द्यायला हवी होती. दिली. ओहोळापलीकडे गाडी जात नाही. पाच पिल्लं निघाली."

"आता?"

त्यांनी रिकामे ग्लास उचलले आणि आत घेऊन गेले. मला समजलं की मलाही सांगणार नाहीत. मी उठले. राग गेला होता, पण मन हलकं झालं नाही.

हमीदभाई गेल्या पावसाळ्यात गेले. छातीचं दुखणं जुनंच होतं. मुलगे येऊन पोचले, माती दिली, फातिमाभाभींना घेऊन गेले. घराला कुलूप आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या चैत्रात. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी रिक्षाने किनाऱ्यापर्यंत जाते आणि थोडं चालते. त्या दिवशी कशी कोण जाणे, त्या खाडीकडे गेले. सुरूच्या झाडांतून एक पायवाट वाळूवर उतरते. तिच्या तोंडाशी हमीदभाई घडीच्या स्टुलावर बसले होते. फारच खंगले होते. गळ्यात दुर्बीण नाही, हातात वही नाही. आणि पाठ समुद्राकडे, तोंड रस्त्याकडे.

"अशा उलट्या बाजूला काय बसलात?" मी विचारलं.

"बसा," म्हणाले आणि रुमाल झटकून शेजारचा दगड पुसून दिला.

एक मोटारसायकल थांबली. नवराबायको, पुढे टाकीवर लहान मूल. "चाचा, हिकडून खाली बीचवर जाता येतं काय?"

"नका जाऊ," हमीदभाई म्हणाले. "पुढे चिखल आहे, पाय रुततो. मागच्या आठवड्यात एक गाय अडकली होती. तुम्ही दीपगृहाच्या बत्तीकडे जा, तिथून छान दिसतं." अगदी सहज. सगळं खोटं. गाडी वळून गेली.

"रोज येता?"

"अंडी आहेत तोवर. सकाळी दोन तास, संध्याकाळी अंधार पडेतो. फातिमा ओरडते."

"किती आहेत या वर्षी?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मोजत नाही. बघतही नाही. माणूस जिकडे बघतो ना बाई, तिकडे चार माणसं बघतात. त्यात म्हातारा एकटक बघत बसला तर मोबाईल निघतात. मी या वर्षी एकदाही मागे वळलो नाही." मग रुमालाची घडी घालत, "मागचं वर्षही तसंच गेलं."

"अहो, पण मग तुम्हाला काय मिळतं?" मला राहवेना. "घरी झोपून राहा की. प्रकृती बघा तुमची."

"आवाज येतो," ते म्हणाले.

आणि तो आला. ऊन उतरलं होतं, चिलटं उठायची वेळ झाली होती. आमच्या पाठीमागे, अगदी जवळ, बारीक आवाजात, टिरिट, टिरिट. मग खूप सारे, डोक्याच्या मागे वरखाली होत. माझी मान आपोआप वळायला लागली. किती वर्षांत मी ती पाखरं पाहिली नव्हती. हमीदभाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नका, बाई. रस्त्यावर माणसं आहेत."

मी नाही वळले. समोरून रिक्षा जात होत्या, कॉलेजची मुलं सायकलींवरून जात होती, कुणी आमच्याकडे बघून हात केला तर मीही केला. दोन म्हातारी माणसं गप्पा मारत बसलीयत असं त्यांना वाटलं असणार. आवाज मागे चालूच होता. हमीदभाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, कारण तो माझ्या हातावर होता.